मॉडेल विमानात उलटं बसवलेलं फोर स्ट्रोक इंजिन आयडलला (थ्रॉटल अगदी कमी असताना) मरतंय, प्लग दरवेळी ओला, चुकतंय कुठे?

टेलड्रॅगर_कोल्हापूर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

दोन वर्षं खपून एचटी-२ बनवलंय, एक षष्ठांश स्केल, म्हणजे पंखांची लांबी साधारण १.७९ मीटर. बाल्सा आणि प्लाय, वरून फिल्म, वजन इंधन न घालता ३.३ किलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एचटी-२ म्हणजे एचएएलचं जुनं ट्रेनर, खाली पंख, पुढेमागे दोन सीट, शेपटाला चाक. माझं लहानपणापासूनचं वेड आहे ते, त्यामुळे बाजारातलं तयार किट घ्या वगैरे कुणी सांगू नका प्लीज.

इंजिन सेकंडहँड, ७० साइझचं फोर स्ट्रोक ग्लो, म्हणजे साडेअकरा सीसी. घेतलं तेव्हा स्टँडवर सरळ बसवून चालवून बघितलं होतं. अप्रतिम. आयडल २४०० आरपीएमवर लावलं, चहा करायला आत गेलो, चहा पिऊन बाहेर आलो तरी टुकटुक टुकटुक चालूच होतं. त्याच आवाजावर भाळून घेतलं खरं तर.

आता विमानात ते उलटं बसवलंय, हेड खाली. कारण खऱ्या विमानाचं इंजिनच उलटं होतं आणि काउलचा, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचा, आकारही तसाच आहे, प्रॉप (पंखा) वर आणि खाली हनुवटी. सरळ बसवलं तर हेड काउलच्या वर टेंगळासारखं येतं, दोन वर्षं घासून केलेल्या नाकावर मला ते बघवणार नाही.

त्रास असा. फुल थ्रॉटलला काही म्हणजे काही तक्रार नाही, १३x६ प्रॉपवर ९५०० च्या आसपास जातं. पण आयडलला आणलं की वीस तीस सेकंदात आवाज जड होतो, फुसफुसतं आणि बंद. प्लग काढला की ओलाचिंब, तेलाने चमकतोय. आतापर्यंत पाच प्लग बदलले, नवीन प्लगवर पहिल्यांदा बरं वाटतं मग परत तेच. लो नीडल (आयडलला इंधन किती जावं ते ठरवणारा स्क्रू) पाव फेरा आत घेतली, आयडल जरा सुधारलं पण थ्रॉटल उघडला की गप्प होतं. टँक भरून ठेवलं की दहा मिनिटात काउलच्या खालून थेंब थेंब इंधन. आणि दोनदा असं झालं की स्टार्टर लावला तर प्रॉप हललाच नाही, गच्च. स्टार्टरचं रबर सटकलं म्हणून वाचलो बहुतेक.

अजून एक गंमत म्हणजे विमान जमिनीवर, शेपूट खाली असताना आयडल त्यातल्या त्यात बरं असतं, मिनिटभर तरी टिकतं. भाच्याने शेपूट उचलून धरलं किंवा विमान स्टँडवर सपाट ठेवलं की लगेच मरतं. प्लगचा लूज काँटॅक्ट असेल का?

इंधन १० टक्के नायट्रो, २० टक्के तेल. टँक ३०० मिली, मफलर प्रेशर (मफलरमधला दाब नळीने टँकला) जोडलेलं आहे. प्लग फोर स्ट्रोकचाच, 'एफ' टाइप. आता वाटतंय इंजिन ४५ अंशात तिरकं करावं का. का सगळंच काढून टाकावं.

ब्रशलेस_बाब्या

भावा फोटो टाक की आधी, एचटी-२ कोण बनवतंय हल्ली, लय भारी.

बाकी उत्तर सोपं आहे, ते इंजिन काढ, मोटर लाव, सहा सेलचा पॅक टाक, घरी जाताना हातही धुवायला लागणार नाहीत 😄

टेलड्रॅगर_कोल्हापूर

@ब्रशलेस_बाब्या तू हेच म्हणणार हे माहीत होतं. अरे मोटर लावली की ते मिक्सरसारखं वाजतं रे. टुकटुक पाहिजे मला.

एरंडेलवाला

प्लग राहू दे. नीडल राहू दे. ४५ अंश पण राहू दे. आधी मला एक माप सांग. विमान सपाट, म्हणजे उडताना असतं तसं ठेवून, टँकचा मध्य आणि कार्बमधला (कार्ब्युरेटर) जेट, म्हणजे इंधन बाहेर पडतं ते भोक, यांच्या उंचीत किती फरक आहे? आणि कोण वर आहे?

पट्टीने मोजू नकोस, काउलच्या आत पट्टी जात नाही आणि माणूस स्वतःला पाहिजे ते माप वाचतो. गवंडी लेव्हल काढायला पाण्याची नळी वापरतात ना, तसं कर. पारदर्शक नळीत थोडं पाणी भर, एक टोक टँकच्या मध्याशी धर, दुसरं जेटजवळ. पाण्याची पातळी खोटं बोलत नाही.

शेपूट उचललं की मरतं हे तू गंमत म्हणून शेवटी लिहिलंयस. पाच प्लगचे पैसे त्या एका वाक्यात वाचले असते.

टेलड्रॅगर_कोल्हापूर

काका मोजलं. आत्ताच. जेट क्रँकच्या (प्रॉप फिरवणाऱ्या दांड्याच्या) रेषेपासून २२ मिमी खाली आहे. टँकचा मध्य क्रँकच्या रेषेपासून १२ मिमी वर. म्हणजे टँक ३४ मिमी वर?? हे एवढं कसं झालं, मी प्लॅनमध्ये फायरवॉलला (इंजिनामागच्या भिंतीला) टँकचं भोक बरोबर इंजिनच्या मागे काढलं होतं.

एरंडेलवाला

इंजिनच्या मागेच काढलंस, पण सरळ इंजिनच्या मागे. आता नीट वाच, लांब लिहितो, दुपारी लाइट नाहीये तेवढाच वेळ आहे आणि मोबाइलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

टू स्ट्रोकमध्ये कार्ब क्रँककेसवर असतं, क्रँकच्या रेषेच्या जवळपास, म्हणून टू स्ट्रोक उलटं केलं तरी जेट फार खाली जात नाही, आणि म्हणूनच सगळे म्हणतात की उलटं बसवायला काय लागतंय, आम्ही शंभर वेळा बसवलंय. फोर स्ट्रोकचं तसं नसतं. हवा हेडमधल्या व्हॉल्व्हमधून आत जाते, त्यामुळे कार्ब सिलिंडरच्या मागे हेडच्या बाजूला असतं. सरळ इंजिनात जेट क्रँकच्या वर, उलटं केलंस की तेवढंच क्रँकच्या खाली. २२ मिमी वर होतं ते २२ मिमी खाली आलं, म्हणजे टँक जागेवर ठेवून तू एका झटक्यात ४४ मिमीचा फरक केलास. नियम जुना आहे, टँकचा मध्य जेटच्या लेव्हलला किंवा त्याच्या ५ ते १० मिमी खाली. तुझा ३४ वर आहे. गच्चीवरची टाकी आणि तळमजल्यावरचा नळ, नळ सोडायचीसुद्धा गरज नाही, आपोआप गळतोय.

आता फुल थ्रॉटलला का चालतं. फुल थ्रॉटलला कार्बचा सक्शन आणि मफलरचं प्रेशर दोन्ही दणदणीत असतात, त्यांच्यापुढे ३४ मिमीच्या इंधनाचा दाब म्हणजे किस झाड की पत्ती. तू हाय नीडल (फुल थ्रॉटलच्या इंधनाचा स्क्रू) त्याच परिस्थितीत लावलीस म्हणून ती बरोबर बसली. आयडलला आलास की सक्शन गेला, मफलरचं प्रेशरही गेलं, आणि उरला कोण तर फक्त गच्चीवरच्या टाकीचा दाब. तो काही कमी होत नाही. मग इंजिन हळूहळू इंधनाने भरत जातं, आवाज जड होतो, तू सांगितलास तसाच. तू लो नीडल आत घेऊन हे दाबायचा प्रयत्न केलास, आयडल थोडं सुधारलं पण मधल्या थ्रॉटलला उपासमार झाली म्हणून गप्प. म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक बसवली.

शेपटाचं आता तुलाच कळलं असेल. शेपूट जमिनीवर असताना नाक वर असतं, तुझ्या विमानाचं धर १२ अंश. टँकचा मध्य कार्बच्या साधारण १० सेंटीमीटर मागे असेल, तर तो त्या तिरकेपणाने २ सेंटीमीटर खाली जातो. ३४ चे झाले १४. म्हणून जमिनीवर बरं. हवेत तू लँडिंगला थ्रॉटल कमी करून नाक खाली करणार, त्या वेळी उलट होणार, फरक ३४ च्याही वर जाणार, आणि नेमकं फायनलला (उतरायच्या शेवटच्या टप्प्यात), झाडांच्या वर, इंजिन बंद. हे मी लोकांचं बघितलंय, सगळे म्हणतात जमिनीवर तर मस्त चालत होतं.

प्लगचं. ग्लो प्लगची तार प्लॅटिनमची असते, बॅटरी काढल्यावर ती मिथेनॉलच्या आणि कॉम्प्रेशनच्या उष्णतेवर लाल राहते. फोर स्ट्रोकमध्ये स्फोट दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे तारेला थंड व्हायला जास्त वेळ, म्हणूनच गरम 'एफ' प्लग लागतो. त्यात इंजिन उलटं असलं की प्लगचं तोंड वर होतं, वाटीसारखं, आणि आयडलला जे काही जादा तेल आणि इंधन येतं ते त्या वाटीत साठतं. नवीन प्लगची वाटी कोरडी असते म्हणून पहिल्यांदा बरं वाटतं. ते पाचही प्लग चांगले असणार, टाकले नसशील तर जपून ठेव.

४५ अंश केलंस तर जेट २२ ऐवजी १५-१६ मिमी खाली येईल. ६ मिमी वाचवायला काउलला बाजूने भोक पाडणार का? मी नाही पाडणार.

करायचं काय तर टँक खाली घे. खालचा पंख आहे म्हणजे टँकच्या मागे खाली पंखाची बैठक येत असेल, जागा कमी असेल, तर उभट टँक काढून चपटा टँक बघ. अगदी ३९-४० मिमी खाली जायला नाही जमलं तरी जेवढा जाईल तेवढा ने. टँक खाली गेल्यावर दोन्ही नीडल मूळ सेटिंगला आण आणि पहिल्यापासून सुरुवात कर, आत्ताची सेटिंग सगळी खोटी आहे. हे विसरलास तर परत इथे येऊन रडशील.

डबलनट

एरंडेलवाल्या काकांनी टँकचं सगळं सांगितलंच, पण मला त्या "प्रॉप हललाच नाही" वाल्या वाक्याने धडकी भरली म्हणून लिहितोय.

दादा ते स्टार्टर लावणं आधी बंद करा. उलट्या इंजिनात गळालेलं इंधन हेडमध्ये साठतं, द्रव काही दाबला जात नाही, पिस्टन वर येतो (तुमच्याकडे खाली येतो) आणि भिंतीला धडकल्यासारखा थांबतो. हाताने फिरवताना थांबला तर ठीक आहे, स्टार्टरने जोर केला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मी वाकवलाय. चार वर्षांपूर्वी, मित्र जमले होते, सगळे माझ्याकडे बघतायत, टँक भरून अर्धा तास ऊन खात पडला होता, घाईत हाताने न फिरवता सरळ स्टार्टर. थड् असा एकच आवाज. मी परत दाबलं. इथेच चूक, परत दाबलं. दुसऱ्या वेळी फिरलं आणि चालूही झालं हो, म्हणून मला वाटलं काही नाही झालं. पण ताकद गेली होती, प्रॉप हाताने फिरवताना कॉम्प्रेशन पिचकं लागायचं. उघडलं तर रॉड केळ्यासारखा. इंजिन कंपनीचा काही दोष नाही यात, शंभर टक्के माझा.

तेव्हापासून आपली पद्धत अशी की टँकची लाइन स्टार्ट करेपर्यंत चिमट्याने दाबून बंद. प्लगची बॅटरी न लावता प्रॉप हाताने हळू चार पाच फेरे, जराही अडखळला तर तिथेच थांबायचं, प्लग काढायचा, काउलखाली फडकं धरायचं आणि परत फिरवायचं. पिचकारी उडते अक्षरशः, प्लगच्या भोकासमोर तोंड नेऊ नका, मिथेनॉल आहे, डोळ्यात आणि पोटात जाणं दोन्ही वाईट. मग प्लग लावून स्टार्टर.

आणि प्रॉपला दोन नट लावलेत का? माझं नाव त्यावरूनच आहे. फोर स्ट्रोक लीन (इंधन कमी, हवा जास्त) असताना उलटा झटका मारतं आणि नट सैल होऊन प्रॉप सुटतो. तुम्ही आता नीडलशी खेळणार म्हणजे लीन होणारच कधीतरी.

आयडलसाठी माझा सल्ला, विमानातच ग्लो ड्रायव्हर बसवा. एक सब-सी निकेल मेटल हायड्राइड सेल, थ्रॉटल सर्व्होच्या हाताने दाबला जाणारा मायक्रोस्विच, पाव थ्रॉटलच्या खाली गेलं की प्लगला १.२ व्होल्ट चालू. माझं उलटं इंजिन त्यावरच चालतं. लिपो बॅटरी थेट लावू नका, तार एका क्षणात जळते.

एरंडेलवाला

डबलनट, हायड्रॉलिक लॉकचं अगदी बरोबर, मी लिहायला पाहिजे होतं, राहिलं.

ग्लो ड्रायव्हरचं मात्र आत्ता नको. चांगली वस्तू आहे, माझ्याही एका विमानात आहे. पण ह्याचा टँक ३४ मिमी वर असताना ड्रायव्हर लावला तर इंजिन इंधनात बुडत असतानाही चालत राहील, ह्याला वाटेल दुरुस्त झालं, आणि ज्या दिवशी सेल उतरेल त्या दिवशी विमान शेतात. ताप आलाय तर आधी कारण बघायचं, क्रोसिन नंतर.

डबलनट

काका तुमच्या विमानात क्रोसिन चालतं, आमच्यात नाही 😀 बरं, आधी टँक, मग ड्रायव्हर. मान्य. पण उलट्या फोर स्ट्रोकला शेवटी ड्रायव्हर असावाच हे माझं मत आहे, टँक कितीही बरोबर असला तरी. प्लगची वाटी वरच राहणार ना.

नाशिक_लूप

विषयाला थोडं सोडून लिहितो. एचटी-२ म्हटल्यावर राहवलं नाही.

खऱ्या एचटी-२ ला सिरस मेजर थ्री होतं, चार सिलिंडर एका ओळीत, उलटं, एअर कूल्ड, १५५ हॉर्सपॉवर. त्या काळात उलटी इनलाइन इंजिनं खूप होती, टायगर मॉथचं जिप्सी मेजरही उलटंच. कारण सोपं आहे, सिलिंडर खाली गेले की क्रँक वर येतो, प्रॉपला जमिनीपासून जागा मिळते, चाकांचे पाय लांब लागत नाहीत आणि पायलटसमोर इंजिनाची डोकी येत नाहीत. जर्मन मेसरश्मिट १०९ चं डेमलर-बेंझ पण उलटं व्ही-१२. आणि हो, तेल खालच्या सिलिंडरमध्ये साठायचा हा त्रास त्यांनाही होता, म्हणून स्टार्ट करायच्या आधी जमिनीवरची माणसं प्रॉप हाताने फिरवायची. म्हणजे डबलनट जे करतात तेच, फक्त पंखा माणसाएवढा.

विमानाचं डिझाइन डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं. गॉटिंगेनला प्रांटलकडे शिकलेला मराठी माणूस, आणि एचटी-२ म्हणजे एचएएलने स्वतः डिझाइन केलेलं पहिलं इंजिनाचं विमान, पहिलं उड्डाण १९५१. आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे देव जाणे. तेव्हा दादा इंजिन उलटंच ठेवा, सरळ केलंत तर मी तरी बोलणार नाही तुमच्याशी.

ब्रशलेस_बाब्या

मोटरला उलटं सुलटं काही नसतं एवढंच नोंदवतो.

टेलड्रॅगर_कोल्हापूर

सगळ्यांचे आभार. घाटगे साहेबांमुळेच तर हे विमान निवडलं, कुणीतरी ओळखलं याचा आनंद झाला.

उद्या सुट्टी, टँक काढतो. एक शंका, टँक खाली गेला आणि तरी थोडा वर राहिला तर चालेल का? पंखाच्या बोल्टची प्लेट मध्ये येतेय, मला वाटतंय २८ मिमीच्या खाली जाता येणार नाही, म्हणजे ६ मिमी वर राहीलच.

एरंडेलवाला

६ चालेल. टँक भरलेला असताना वरची पातळी त्याहून वर असेल, म्हणून स्टार्टच्या आधी चिमटा पाहिजेच, आणि पहिल्या दोन मिनिटांत आयडल जरा जड वाटेल. अर्धा संपल्यावर सुधारेल. नाहीच जमलं तर इंधनाच्या लाइनमध्ये डिमांड रेग्युलेटर बसवतात, इंजिन मागेल तेवढंच सोडतो, मग टँक कुठेही असू दे. पण तो महाग, आणि आणखी एक बिघडणारी वस्तू. आधी करवत काढ.

एक राहिलं. क्रँककेसचा ब्रीदर निपल (आतली हवा आणि तेल बाहेर सोडणारं तोंड) बघ. सरळ इंजिनात तो खालच्या बाजूला असतो, आता वर आला असणार. त्याला सिलिकॉन नळी लावून फायरवॉलवरून वळवून खाली बाहेर काढ. नाहीतर सगळं काळं तेल फायरवॉलच्या लाकडात मुरेल आणि दोन वर्षांनी इंजिन माउंट हातात येईल. टँकचं नवीन भोक पाडशील तेव्हा कापलेल्या कडेला पातळ इपॉक्सी लाव, उघडा बाल्सा इंधन टिपकागदासारखा पितो.

टेलड्रॅगर_कोल्हापूर

तीन आठवड्यांनी अपडेट, उशीर झाला, मध्ये दोन रविवार पावसाने खाल्ले.

फायरवॉलचं भोक खाली वाढवलं. करवत चालवताना हात थरथरत होता, आतून मी स्वतःच चिकटवलेले त्रिकोणी तुकडे कापायचे म्हणजे काय सांगू. जुना टँक ५५ मिमी उंच होता, नवीन ४० मिमी उंचीचा चपटा मिळाला, मिली तेवढेच. खाली फोमची गादी, वर फोम, आणि बरोबर २८ मिमी खाली बसला, पाण्याच्या नळीने परत मोजलं, ६ मिमी वर. त्या नळीला आता आमच्याकडे गवंडी म्हणतात.

मग काकांनी सांगितलेलं विसरलो आणि रडायला आलो. म्हणजे नीडल तशीच ठेवून स्टार्ट केलं, आयडल सुंदर, थ्रॉटल उघडला की ठप्प. परत उघडला, परत ठप्प. एक मिनिट वाटलं ब्रशलेस बाब्याच बरोबर होता. मग आठवलं की लो नीडल मी पाव फेरा आत घेतलेली आहे, टँक वर असतानाची. ती बाहेर घेतली, हाय नीडल टॅकोमीटर लावून सर्वात जास्त आरपीएमवर नेली आणि तिथून साडेतीनशे कमी होईपर्यंत उघडली. मग भाच्याने विमान नाक आकाशाकडे करून धरलं, फुल थ्रॉटल, आवाज खाली आला नाही.

आणि आयडल. स्टँडवर सपाट ठेवून, म्हणजे जिथे आधी वीस सेकंदात मरत होतं तिथे, २४०० वर साडेतीन मिनिटं चाललं, मग मीच बंद केलं कारण शेजारचे काका गॅलरीत आले. प्लग काढून बघितला, ओलसर होता पण बुडालेला नव्हता. जुन्या पाचपैकीच एक आहे तो.

परवा पहिलं उड्डाण झालं. दोन क्लिक उजवं आणि एक क्लिक खाली ट्रिम, बाकी जणू खूप दिवस उडतंय असं उडालं. लँडिंगला मुद्दाम नाक खाली ठेवून आयडलवर आणलं, पोटात गोळा होता, टुकटुक टुकटुक चालू राहिलं जमिनीवर टेकेपर्यंत. मग मात्र गवतात चाक अडकलं आणि नाकावर उभं राहिलं. उलट्या इंजिनाचं हेड सगळ्यात आधी मातीत जातं हे कुणी सांगितलं नव्हतं मला. काउलची हनुवटी चेपली, रॉकर कव्हरवर चिखल, बाकी सलामत.

डबलनट

अभिनंदन दादा!! नाकावर उभं राहणं टेलड्रॅगरवाल्यांना नवीन नाही. प्रॉप फिरवायच्या आधी कार्बमध्ये माती गेली नाही ना ते बघा, कार्ब खालीच आहे तुमचं.

ड्रायव्हर बसवला का?

टेलड्रॅगर_कोल्हापूर

नाही बसवला. काका खूश, तू नाराज, माहीत आहे. हिवाळ्यात सकाळी थंडीत काय होतंय बघतो, मग ठरवतो.

कार्ब धुतलं. एक विचारायचं राहिलं, पावसाळ्यात दोन तीन महिने विमान पडून राहणार, आमच्याकडे हवा किती दमट असते सांगायला नको, इंजिनाचं काय करायचं?

एरंडेलवाला

शेवटच्या उड्डाणानंतर चिमटा लावून लाइनमधलं इंधन संपेपर्यंत चालव, आपोआप बंद होऊ दे. मिथेनॉल पाणी ओढून घेतं, आत राहिलं तर पावसाळ्यानंतर बेअरिंग खरखरतात आणि कॅमवर गंज. मग प्लगच्या भोकातून आणि ब्रीदरमधून दोन दोन थेंब पातळ मशीन ऑइल, प्रॉप हाताने आठ दहा वेळा फिरव. टँक पूर्ण रिकामा.

आणि विमान पाठीवर ठेव, चाकं वर. म्हणजे इंजिन सरळ राहील. तसंच ठेवलंस तर क्रँककेसमधलं तेल महिनाभरात पिस्टनच्या कडेने खाली हेडमध्ये उतरतं आणि पहिल्या दिवशी स्टार्टर लावलास की डबलनटची गोष्ट परत.

टेलड्रॅगर_कोल्हापूर

ओके, पाठीवर. माळ्यावर दोन उशांमध्ये बसेल. आईने आधीच विचारलंय की हे विमान मेल्यासारखं पाय वर करून का ठेवणार आहेस, तिला क्रँककेस समजावून सांगितलं, ती म्हणाली उशा नवीन देणार नाही.

आणि तो चिमटा. रविवारी तो काढायलाच विसरलो. स्टार्ट झालं, टॅक्सी करत निघालं, लाइनमधलं होतं तेवढं पिऊन बारा सेकंदात बंद. अर्धा तास सगळे मिळून नीडल बघतोय, मफलर बघतोय, एक जण म्हणाला टँकमध्ये क्लंक (आतल्या नळीच्या टोकाचं वजन) अडकला असेल. शेवटी भाच्याने काउलखाली बोट दाखवलं. चिमट्याला आता वीतभर लाल फीत बांधलीये. प्लग मात्र खडखडीत कोरडा होता.